घरी लो-कार्ब, हाय-प्रोटीन बिस्किटं करताना नेहमी पडणारे प्रश्न

मैद्याची बिस्किटं करायला जमतात म्हणून ही पण तशीच जमतील असं नसतं. इथे ग्लुटेन (गव्हातलं पीठ बांधून ठेवणारं प्रोटीन) नाही, स्टार्च नाही, साखर नाही, त्यामुळे पीठ वेगळं वागतं. जे प्रश्न सारखे येतात ते सगळे एका जागी लिहिलेत, काहींची उत्तरं लांब झालीत कारण ती लांबच आहेत.

लो-कार्ब आणि हाय-प्रोटीन एकच ना? मैदा काढला की झालं?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो म्हणून हा प्रश्न आधी घेतला. मैदा-साखर काढून बदामाचं पीठ आणि स्वीटनर घातलं की बिस्किट लो-कार्ब होतं, हाय-प्रोटीन होत नाही. १०० ग्रॅम बदामाच्या पिठात साधारण २१ ग्रॅम प्रोटीन असतं, ऐकायला भारी वाटतं, पण त्याच १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम फॅट पण असतं आणि कॅलरी जवळपास ६००, म्हणजे कॅलरीत प्रोटीनचा वाटा जेमतेम १४ टक्के. त्यात बटर पडलं की तो आणखी घसरतो, ११-१२ वर येतो. अशा बिस्किटाला लो-कार्ब म्हणा, खुशाल खा, छानच लागतं, पण प्रोटीनसाठी खातोय असं म्हणू नका.

मी एक माप धरते. युरोपियन युनियनमध्ये पाकिटावर हाय-प्रोटीन लिहायचं असेल तर त्या पदार्थाच्या एकूण कॅलरींपैकी निदान २० टक्के प्रोटीनमधून याव्या लागतात. घरच्या बिस्किटाला कोणी विचारायला येणार नाही, पण स्वतःला फसवायचं नसेल तर हे माप चांगलं आहे. प्रोटीनच्या ग्रॅमला ४ ने गुणा, एकूण कॅलरीने भागा, बस. कुठलीही रेसिपी दिसली की आधी हा हिशोब करायचा आणि मग ओव्हन लावायचा. कितीतरी हाय-प्रोटीन म्हणवणाऱ्या रेसिप्या या हिशोबात नापास होतात.

मग एक धड रेसिपी द्या ना, ग्रॅममध्ये.

घ्या. २० बिस्किटं होतात.

बदामाचं बारीक पीठ १५० ग्रॅम, बिनचवीचं व्हे आयसोलेट (दुधातून काढलेली प्रोटीन पावडर) ४० ग्रॅम, पिठीसाखरेसारखं बारीक केलेलं एरिथ्रिटॉल (साखरेऐवजीचा स्वीटनर) ४५ ग्रॅम, मऊ बटर ५० ग्रॅम, एक अंडं, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर, दोन चिमटी मीठ, व्हॅनिला.

एरिथ्रिटॉल सोडून कोरडं सगळं एकत्र चाळून घ्या, व्हेच्या गुठळ्या राहिल्या तर बिस्किटात तिथे कडक दाणा लागतो. बटर आणि एरिथ्रिटॉल फेटा, अंडं आणि व्हॅनिला घाला, मग कोरडं घालून फक्त एकजीव होईपर्यंत कालवा. हे पीठ आधी चिकट वाटतं, घाबरून अजून पीठ घालू नका, झाकून अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, बदाम आणि व्हे ओलावा शोषतात आणि बटर घट्ट होतं. मग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून ५-६ मिलिमीटर जाड लाटा, कापा, काट्याने टोचा. ओव्हन १५५ डिग्रीला प्रीहीट केलेला पाहिजे, १३ ते १५ मिनिटं, कडा सोनेरी दिसायला लागल्या की बंद. बाहेर काढल्यावर मऊच असतील, हात लावू नका, ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्या.

एका बिस्किटात साधारण साडेतीन ग्रॅम प्रोटीन, एक ग्रॅमच्या आत नेट कार्ब (कार्बमधून फायबर वजा, खाली सांगितलंय), ६ ग्रॅम फॅट आणि ७५ च्या आसपास कॅलरी. आता वरचं माप लावून बघा, ४० ग्रॅम व्हे घालून सुद्धा प्रोटीनचा वाटा कसाबसा २० टक्क्यांपर्यंत पोचतो! म्हणून मी पुन्हा पुन्हा हिशोब करा म्हणते.

अजून प्रोटीन हवं असेल तर व्हे डबल करू का?

नको, पस्तावाल. व्हे डबल केलं की बिस्किट वातड नाहीतर कोरडं ठाक होतं. व्हे प्रोटीन ७० डिग्रीच्या पुढे गेलं की त्याच्या साखळ्या उलगडतात आणि एकमेकींना घट्ट धरतात, मधलं पाणी बाहेर ढकललं जातं. मैद्याच्या बिस्किटात स्टार्च ते पाणी धरून ठेवतो, इथे धरायला कोणी नसतं. कोरड्या पिठांच्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत व्हे ठेवा, फारतर थोडं वर.

प्रोटीन वाढवायचा खरा रस्ता म्हणजे फॅट कमी असलेलं दुसरं पीठ आणणं. बदामाचं पीठ ११० ग्रॅम करा, त्यात तेल काढलेलं सोयाचं पीठ ४० ग्रॅम घाला (यात निम्मं प्रोटीनच असतं), व्हे ४५ ग्रॅम, बटर ४० ग्रॅम, बाकी तेच. नेट कार्ब थोडे वाढतात, बिस्किटामागे एक ग्रॅमच्या जवळ जातात, पण प्रोटीनचा वाटा २७-२८ टक्क्यांवर जातो आणि हे बिस्किट खऱ्या अर्थाने हाय-प्रोटीन. पीठ कोरडं वाटलं तर टीस्पूनभर दूध किंवा पाणी शिंपडा, एकदम ओतू नका. सोयाच्या पिठाला कच्चट वास असतो, म्हणून आधी मंद आचेवर पाच-सात मिनिटं कोरडं परतून गार करून घ्या, फरक लगेच कळतो. सोया आवडत नसेल तर तेल काढलेलं शेंगदाण्याचं पीठ घ्या, त्यातही प्रोटीन ५० टक्क्यांच्या आसपास असतं आणि चव तर सोयापेक्षा कितीतरी चांगली.

प्रोटीन पावडर कुठली घ्यायची, सगळ्या सारख्याच ना?

अजिबात नाही, बिस्किट बिघडण्यात सगळ्यात मोठा हात या पावडरीचाच असतो.

व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन ८० टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यात लॅक्टोज (दुधातली साखर) आणि फॅट. आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास आणि लॅक्टोज अगदी कमी. लॅक्टोजचा मुद्दा एवढ्यासाठी की ही साखर प्रोटीनबरोबर तापली की पटकन तपकिरी होते, त्यामुळे कॉन्सन्ट्रेटची बिस्किटं आत शिजायच्या आधी बाहेरून गडद दिसायला लागतात. कॉन्सन्ट्रेटच असेल तर ओव्हन दहा डिग्री कमी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या.

केसीन हे दुधातलंच दुसरं प्रोटीन, त्याचं वागणं उलटं आहे. ते पाणी भरपूर पितं आणि धरून ठेवतं, उष्णतेने घट्ट गोळा होत नाही, म्हणून बिस्किट मऊ, थोडं केकसारखं होतं. निम्मं व्हे निम्मं केसीन हे मला सगळ्यात आवडतं मिश्रण आहे, कोरडेपणा जातो आणि आकार पण टिकतो.

मटारचं प्रोटीन डेअरी नको असणाऱ्यांसाठी बरं, पण त्याला मातकट चव असते, कोको किंवा दालचिनी घातली की ती दबते, आणि ओलावा जास्त लागतो. कोलॅजन (जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रोटीन) मात्र बिस्किटात एकटं घालू नका. ते विरघळतं, सेट होत नाही, बिस्किट पसरतं आणि चिकट होतं. शिवाय प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडांपासून बनतं त्यातलं ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो ॲसिड त्यात नसतं, म्हणजे प्रोटीन म्हणून ते अपुरंच.

फ्लेवरवाली पावडर घ्यायची असेल तर तिच्यात स्वीटनर आधीच असतो हे लक्षात ठेवून एरिथ्रिटॉल कमी करा, नाहीतर गोडमिट्ट होतं आणि मागे कडवट चव रेंगाळते.

ओव्हनमध्ये प्रोटीन मरत नाही का? मग उपयोग काय?

मरत वगैरे काही नाही. उष्णतेने त्याचा आकार बदलतो, अंडं उकडल्यावर पांढरं होतं तसंच. अमिनो ॲसिड तिथेच असतात आणि शरीर ते पचवतं. हां, फार गडद भाजलं तर लायसीनसारखं एखादं अमिनो ॲसिड थोडं वाया जातं, पण सोनेरी रंगावर थांबलात तर काळजी करण्यासारखं काही नाही.

नेट कार्ब म्हणजे नक्की काय?

एकूण कार्बमधून फायबर वजा. फायबर साखरेसारखं पचत नाही म्हणून वजा करतात. एरिथ्रिटॉल पण पूर्ण वजा करतात कारण शरीर ते जवळपास वापरतच नाही. पण मॅल्टिटॉल हा दुसरा स्वीटनर पूर्ण वजा करायचा नाही, ते बऱ्यापैकी पचतं आणि रक्तातली साखर वाढवतं. पाकिटं नेट कार्ब हा शब्द वापरून फसवतात म्हणून घटकांची यादी वाचाच. आणि एक गंमत, युरोपातल्या लेबलवर कार्बच्या आकड्यात फायबर धरलेलंच नसतं, अमेरिकेतल्या लेबलवर धरलेलं असतं, त्यामुळे युरोपियन पाकिटावरून पुन्हा फायबर वजा केलं तर हिशोब चुकतो.

बदामाचं पीठ घरी दळलं तर चालेल?

चालेल, मी पण करते. बदाम पूर्ण कोरडे पाहिजेत, साल काढण्यासाठी भिजवले असतील तर नंतर नीट वाळवा. थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून गार करा आणि मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. चाळा, वरची जाड भरड पुन्हा फिरवा. सालासकट दळलं तरी चालतं, रंग गडद येतो आणि बिस्किट जरा रवाळ लागतं. फक्त विकतच्या बारीक पिठाइतकं ते जुळून येत नाही, लाटताना कडा फाटतात.

बदामाऐवजी नारळाचं पीठ तेवढंच घालू?

तेवढंच कधीच नको. नारळाच्या पिठात फायबर प्रचंड, ते पाणी पितच राहतं. एक कप बदामाच्या पिठाच्या जागी पाव ते एक तृतीयांश कप नारळाचं पीठ, आणि वर एखादं अंडं जास्त. नुसत्या नारळाच्या पिठाची बिस्किटं मला आवडत नाहीत, भुसभुशीत होतात आणि घशात अडकतात. बदामाच्या पिठात दोन चमचे मिसळलं तर मात्र छान, जास्तीचं बटर शोषून घेतं.

ओट्स, हरभऱ्याचं पीठ, गव्हाचं पीठ यातलं काही? हेल्दी असतं ना ते?

हेल्दी असेल, लो-कार्ब नाही. ओट्समध्ये १०० ग्रॅमला ६५ ग्रॅमच्या वर कार्ब, गव्हाच्या पिठात ७० च्या वर, हरभऱ्याच्या पिठात प्रोटीन २० च्या वर असलं तरी कार्ब ५५ च्या पुढे. चवीला एक-दोन चमचे घालायचे तर घाला आणि हिशोबात धरा.

गव्हातून वेगळं काढलेलं ग्लुटेन मात्र मिळतं, त्यात प्रोटीन ७५ टक्क्यांच्या आसपास. १०-१५ ग्रॅम घातलं तर पीठ लाटायला सोपं जातं, तुटत नाही. जास्त घातलं की ब्रेडसारखं चिवट. सीलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) किंवा ग्लुटेनचा त्रास असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊच नये.

साखरेऐवजी काय घालू, डोकं फिरलंय नावं वाचून.

साहजिक आहे. आधी हे बघा की साखर बिस्किटात फक्त गोडी देत नाही. ती वजन देते, पसरायला मदत करते, रंग देते, गार झाल्यावर कुरकुरीतपणा देते. म्हणून नुसते स्टीव्हियाचे चार थेंब घातले की गोडी येते पण बिस्किट बसकं आणि कोरडं होतं, जागा भरायला काही नसतं.

एरिथ्रिटॉल जागा भरतं, साखरेच्या ६०-७० टक्के गोड असतं, कॅलरी जवळपास शून्य, आणि गार झाल्यावर पुन्हा स्फटिक बनतं म्हणून बिस्किट कुरकुरीत होतं. पण तेच त्याचं दुखणंही आहे, जास्त घातलं किंवा दाणेदार तसंच घातलं तर दाताखाली खरखर लागतं आणि तोंडात पुदिन्यासारखा गारवा येतो. उपाय सोपा, बारीक दळून घ्या, प्रमाण कमी ठेवा आणि राहिलेली गोडी थोड्या स्टीव्हियाने भरून काढा. ते साखरेसारखं तपकिरी होत नाही, त्यामुळे बिस्किटं फिकट दिसतात, रंगाची वाट बघत बसलात तर करपतील.

ॲल्युलोज मिळत असेल तर त्याने सुंदर रंग येतो, गारवा नाही, पण ते ओलावा धरतं म्हणून बिस्किट मऊच राहतं, कुरकुरीत कधी होणार नाही. मऊ कुकीसाठी ॲल्युलोज, कडक बिस्किटासाठी एरिथ्रिटॉल, मी तरी असंच ठरवते. ॲस्पार्टेम भाजायच्या पदार्थात नको, उष्णतेने तुटतं आणि गोडी जाते. सुक्रालोजच्या पुड्या घेताना बघा, बऱ्याच पुड्यांत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे कार्बच. मॅल्टिटॉल बेकिंगमध्ये साखरेच्या सगळ्यात जवळचं, पण साखर वाढवतं आणि पोट बिघडवतं, मी ठेवत नाही.

आणि झायलिटॉल वापरत असाल तर घरात कुत्रा आहे का हे आधी बघा. कुत्र्यांना ते विषारी आहे, थोडंसं सुद्धा, एखादं बिस्किट खाली पडलं तरी जिवावर बेतू शकतं. कुत्रा असेल तर झायलिटॉल घरात आणूच नका.

मध, खजूर, ब्राऊन शुगर? नैसर्गिक आहे ना.

मधात १०० ग्रॅमला ८० च्या वर कार्ब, खजुरात ७५ च्या आसपास, ब्राऊन शुगर म्हणजे साखरच. घालायचं तर जरूर घाला, पण मग बिस्किट लो-कार्ब राहत नाही.

एरिथ्रिटॉलने हृदयाला धोका असतो असं वाचलं, खरं का?

२०२३ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त होतं त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. हा संबंध आहे, याने ते घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही, कारण एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतः पण थोडं बनवतं. पण उडवून लावण्यासारखं पण नाही. त्याच वर्षी डब्ल्यूएचओने वजन कमी करण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रालोज, ॲस्पार्टेमसारख्या बिनसाखरेच्या स्वीटनरवर अवलंबून राहू नका अशी शिफारस केली, एरिथ्रिटॉलसारखे शुगर अल्कोहोल त्या शिफारशीत नव्हते. माझं मत विचाराल तर गोडीच कमी करा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला कमी गोड आवडायला लागतं. हृदयाचा आजार असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रोज खाऊ नका.

अंडं नको असेल तर?

एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं ठेवा, चिकट झाली की एका अंड्याच्या जागी घाला. चिया पण तशीच चालते. जवसात कार्ब दिसतात पण जवळपास सगळं फायबरच असतं. बांधणी कमी वाटली तर अर्धा टीस्पून इसबगोल घाला. फक्त अंड्याचे ६ ग्रॅम प्रोटीन यातून भरून येत नाहीत, आणि बिस्किट जरा ठिसूळ होतं, म्हणून पातळ लाटू नका.

उलट ज्यांना अंडं चालतं त्यांनी पूर्ण अंड्याऐवजी दोन पांढरे घालून बघा. प्रोटीन थोडं वाढतं, फॅट घटतं, बिस्किट जास्त कडक होतं.

बिस्किटं कुरकुरीत होतच नाहीत, दुसऱ्या दिवशी तर एकदम मऊ पडतात.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बदामाच्या पिठात फॅट खूप आणि ते गरम असताना वितळलेलं असतं, त्यामुळे ओव्हनमधून काढलेलं बिस्किट मऊच असणार. मऊ आहे म्हणून पुन्हा आत टाकतात आणि करपवतात. आधी पूर्ण गार होऊ द्या, मग ठरवा.

गार झाल्यावरही मऊ असेल तर आत पाणी राहिलंय. मग दुसऱ्यांदा भाजायचं, पण १२० डिग्रीला, १० ते १५ मिनिटं, आणि ओव्हन बंद करून दार जरासं उघडं ठेवून बिस्किटं आतच गार होऊ द्यायची. इतक्या कमी तापमानाला रंग फारसा वाढत नाही, नुसती वाफ निघून जाते. मी आता प्रत्येक घाण्याला हे करतेच, तुम्हीही करा, एवढ्या एका गोष्टीने बिस्किट बदलतं.

बाकी बारीकसारीक: पातळ आणि सगळीकडे सारखं लाटा, कडेला पातळ आणि मध्ये जाड असलं की कडा करपतात आणि मध्य मऊ राहतो. कोमट असताना डब्यात भरू नका, झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. आणि बटरमध्येही पाणी असतं, १५-१६ टक्के, म्हणून निम्मं बटर काढून तूप घातलं तर कुरकुरीतपणा वाढतो, तूप मात्र थोडं कमी घ्या.

उचलताना तुटतात. / ट्रेवर पसरून एक होतात.

दोन वेगळी दुखणी. तुटणं म्हणजे बांधणी कमी, ग्लुटेन नाहीये ना. पाव टीस्पून झँथन गम (पीठ बांधणारी पूड) किंवा अर्धा टीस्पून इसबगोल घाला, आणि गार होईपर्यंत हात आवरा. पसरणं म्हणजे बटर गरम होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. लाटून कापल्यावर ट्रेसकट पुन्हा १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा.

वरून काळी, आतून कच्ची.

तापमान जास्त. मैद्याची बिस्किटं १७५-१८० ला होतात, ही १५०-१५५ लाच करायची, प्रोटीन आणि बदाम दोन्ही लवकर रंगतात. फॅनवाला ओव्हन असेल तर आणखी १५-२० डिग्री कमी. घरगुती ओव्हनचा आकडा बऱ्याचदा खोटा असतो, आतला थर्मामीटर घ्या, स्वस्त वस्तू आहे आणि रोज कामाला येते. ट्रे मधल्या कप्प्यात, आणि अर्ध्या वेळात फिरवून ठेवा.

बिस्किट हिरवं झालं! फेकू का? आणि माझं जांभळट का झालं?

फेकू नका. सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरलं असणार. त्यात क्लोरोजेनिक ॲसिड असतं, ते बेकिंग सोड्यासारख्या अल्कलीबरोबर हिरवं होतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतं आणि बुरशी वाटते, पण निरुपद्रवी आहे. सोडा कमी करा, थोडा लिंबाचा रस घाला. जांभळट किंवा राखाडी रंग बहुतेक इसबगोलमुळे, काही पाकिटांच्या बाबतीत होतं, दुसरं पाकीट घेतलं की जातं.

बदामाची ॲलर्जी आहे, मग?

सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बियांचं पीठ, वजनाला वजन. हिरव्या रंगाचं वर सांगितलंच. पण ॲलर्जी असलेल्या माणसाला देणार असाल तर मिक्सर, चाळणी, ट्रे सगळं आधी घासून धुवा, आणि बियांच्या पाकिटावर नट्सबद्दलची सूचना वाचा. व्हे आणि केसीन दुधातून येतात हे पण विसरायचं नाही.

गोड नको, खारी चवीची करता येतील?

करता येतील आणि खरं सांगू, मला तीच जास्त आवडतात. एरिथ्रिटॉल आणि व्हॅनिला काढा, ५० ग्रॅम कडक, जुनं झालेलं चीज बारीक किसून घाला, बटर ३० ग्रॅमवर आणा, मिरी, लसूण पावडर, तीळ. चीजमधूनही प्रोटीन येतं आणि स्वीटनरचा सगळा प्रश्नच मिटतो. मीठ जपून, चीज खारट असतं. अगदी पातळ लाटा, ३ मिलिमीटर, आणि लक्ष ठेवा, चीज पटकन रंगतं.

एअर फ्रायर किंवा मायक्रोवेव्हमध्ये होतात का?

एअर फ्रायरमध्ये छान होतात, १३०-१४० डिग्री, आठव्या मिनिटापासून बघत राहा. पातळ बटर पेपर वाऱ्याने उडतो, त्यावर बिस्किटं असतील एवढाच कापा. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर नाही, कन्व्हेक्शन मोड असेल तरच.

डायबेटिस असलेल्यांनी खाल्ली तर चालतात?

साध्या बिस्किटापेक्षा साखर कमी वाढेल, हे बरोबर. पण इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील आणि एकदम कार्ब कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं त्या, घेताना कडक लो-कार्ब केलं तर कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याच्या गंभीर त्रासाचा, धोका असतो, तोही साखर फार वाढलेली नसताना. म्हणून आहार बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, गोळ्यांचा डोस तेच ठरवतील. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन किती हे पण त्यांनाच विचारायचं, बिस्किटाच्या रेसिपीवरून ठरवायचं नाही.

दिवसाला किती खायची? पोट फुगतं खाल्ल्यावर.

तीन बिस्किटं म्हणजे साधारण ११ ग्रॅम प्रोटीन आणि सव्वादोनशे कॅलरी. कार्ब कमी म्हणून कॅलरी कमी असं नाही, बदाम आणि बटर आहे त्यात. दोन-तीन पुरेत. पोट फुगत असेल तर आधी स्वीटनर बघा. एरिथ्रिटॉल बहुतेक लहान आतड्यातूनच रक्तात जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं म्हणून त्रास कमी, मॅल्टिटॉल आणि झायलिटॉल मोठ्या आतड्यात पोचून आंबतात. मग व्हे कॉन्सन्ट्रेटमधलं लॅक्टोज. आणि फायबरची सवय नसेल तर इसबगोल-जवस हळूहळू वाढवा, वर पाणी प्या.

कच्चं पीठ चाखलं तर? मुलं मागतात.

कच्चं अंडं आहे त्यात, साल्मोनेला या जंतूंचा धोका असतो. जवसवालं केलं असेल तरी नको, पिठंही कच्चीच असतात आणि त्यातही जंतू असू शकतात. भाजलेलं द्या.

माझ्या घाण्यातलं प्रोटीन नक्की किती, कसं काढू?

प्रत्येक घटकाचं वजन आणि पाकिटावरचे आकडे लिहा, बेरीज करा. मग भाजून गार झालेल्या सगळ्या बिस्किटांचं एकत्र वजन करा. एकूण प्रोटीन भागिले एकूण वजन, म्हणजे ग्रॅममागे किती ते कळलं, बिस्किटं लहानमोठी झाली तरी फरक पडत नाही. भाजताना पाणी जातं, प्रोटीन नाही, त्यामुळे कच्च्या वजनावर काढलेला आकडा खाली येतो. आणि कपाने मोजणं सोडा, बदामाचं पीठ दाबून भरलं की भुरभुरलं यावर कपात कितीतरी ग्रॅमचा फरक पडतो. वजनकाटा हवाच.

किती दिवस टिकतात? आधी करून ठेवता येतील?

घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर आठवडाभर, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे. प्रोटीनवाली बिस्किटं दिवसागणिक थोडी कडक होत जातात, ते खराब होणं नाही. बदामातलं तेल हवेने खवट होतं, वास आला तर टाकून द्या. बदामाचं उघडलेलं पीठ सुद्धा फ्रीजमध्येच ठेवा. मऊ पडली तर १२० डिग्रीला आठ-दहा मिनिटं.

करून ठेवण्यापेक्षा पीठ करून ठेवा. त्याची लांब गुंडाळी करून बटर पेपरमध्ये घट्ट बांधा, फ्रीजरमध्ये दोन महिने आरामात राहते. हवी तेव्हा दहा मिनिटं बाहेर ठेवायची, चकत्या कापायच्या आणि थेट ओव्हनमध्ये, वेळ फक्त दोन मिनिटं जास्त. गुंडाळीवर तारीख आणि कुठली पावडर घातली ते लिहून ठेवा, व्हे आणि केसीनला भाजायचा वेळ वेगळा लागतो.